ब्लँक खोडू नका: ठाणे व नवी मुंबईतील हृदयरोग विभागांना खुले पत्र

प्रति,
हृदयरोग विभागप्रमुख व वैद्यकीय अभिलेख विभागाचे अधिकारी,
ठाणे आणि नवी मुंबईतील सरकारी, महापालिका व खासगी रुग्णालये

विषय: हृदयरोगाच्या रिपोर्टमधील संज्ञा, आकडे आणि सोडलेले ब्लँक

स. न. वि. वि.

“रिपोर्टमध्ये ब्लँक फार सोडता,” म्हणजे नीट ऐकू न आलेल्या शब्दाची किंवा आकड्याची जागा मोकळी ठेवता, ही आपली तक्रार आता आम्हाला पाठ झाली आहे. वागळे इस्टेटपासून ऐरोली, महापे, बेलापूरपर्यंत बसून हृदयरोगाचे डिक्टेशन (डॉक्टरांनी तोंडी सांगून ध्वनिमुद्रित केलेला रिपोर्ट) उतरवणारे आणि तपासणारे आम्ही ट्रान्सक्रिप्शनिस्ट व एडिटर तिला हे जाहीर उत्तर देत आहोत. ब्लँक कमी करायचे दोन मार्ग आहेत. डिक्टेशन नीट ऐकू यावे आणि ते पडताळता यावे अशी सोय करणे, हा एक. अंदाजाने जागा भरणे, हा दुसरा. दुसरा स्वस्त आहे, झटपट आहे आणि महिन्याच्या गुणतक्त्यात उठूनही दिसतो. सध्या त्याच बाजूला सगळा रेटा आहे.

हृदयरोगाच्या रिपोर्टमधली घातक चूक स्पेल-चेकला सापडत नाही, कारण टाइप झालेला शब्द शुद्धच असतो. ‘इजेक्शन फ्रॅक्शन’चे ‘इंजेक्शन फ्रॅक्शन’ झाले, ‘पेटंट फोरामेन ओव्हाले’तला ‘पेटंट’ जाऊन तिथे ‘पेशंट’ आला, ‘इन-स्टेंट रीस्टेनोसिस’चा ‘इन्स्टंट’ झाला, तर वाचणारा हसतो आणि दुरुस्त करतो. या चुका निरुपद्रवी आहेत, कारण त्या ओरडून सांगतात. ‘नो पेरिकार्डियल इफ्यूजन’ (हृदयाभोवती पाणी नाही) आणि ‘नाउ पेरिकार्डियल इफ्यूजन’ (आता पाणी आहे) यांतले काहीच ओरडत नाही. ‘प्रीकॉर्डियल’ आणि ‘पेरिकार्डियल’, ‘इंटरव्हेंट्रिक्युलर’ आणि ‘इंट्राव्हेंट्रिक्युलर’, ‘हायपोकायनेटिक’ आणि ‘हायपरकायनेटिक’ या जोड्यांतला कुठलाही शब्द त्या वाक्यात व्याकरणाने बसतो. पडदा दोन जवनिकांच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या) मध्ये असतो म्हणून तो ‘इंटर’, गुठळी जवनिकेच्या आत असते म्हणून ती ‘इंट्रा’. हे ज्याला माहीत आहे तोच ऐकताना थांबतो.

आता आकडे. इथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या कामातली खरी जोखीम इथे आहे.

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत फरक शेवटच्या ‘न’चा. ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते ते) १५ टक्के आणि ५० टक्के यांत फरक एका यंत्राचा, कारण ३५ किंवा त्याखालच्या ईएफला आयसीडी (छातीत बसवायचा डिफिब्रिलेटर) बसवण्याचा विचार सुरू होतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ त्याहून वाईट. सेप्टम, म्हणजे जवनिकांमधला पडदा, १३ मिमी म्हणजे थोडासा जाड. तोच ३० मिमी टाइप झाला, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीत (हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात) अचानक मृत्यूचा धोका मोजताना जो उंबरठा धरतात, त्यावर रुग्ण जाऊन बसला. इलाज साधा आहे: ‘ईएफ फाइव्ह झिरो’, ‘सेप्टम वन थ्री मिलिमीटर’ असे अंक सुटे सांगा.

पल्ला सांगतानाही घोळ होतो. ‘ईएफ फॉर्टी टू फॉर्टी फाइव्ह’ म्हणजे ४० ते ४५ की ४२ ते ४५? ‘आयएनआर (रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा) टू टू थ्री’ म्हणजे २ ते ३ की २.२३? मधल्या ‘टू’ऐवजी ‘बिट्वीन अमुक अँड तमुक’ म्हणा, प्रश्न संपतो. ‘बाय’चेही तसेच. आपल्याकडे रक्तदाब ‘वन ट्वेंटी बाय एटी’ सांगतात आणि स्टेंटही ‘टू सेव्हन फाइव्ह बाय एटीन’. पहिल्या ‘बाय’ला तिरकी रेघ, दुसऱ्याला गुणाकाराचे चिन्ह. माणसाला हे कळते. आवाज ऐकून टाइप करणारे सॉफ्टवेअर मसुद्यात दोन्हींना एकाच मापाने मोजते आणि २.७५ मधला दशांश अनेकदा गिळून २७५ लिहिते. स्टेंटचा व्यास आधी आणि लांबी नंतर, ही प्रथा सगळीकडे पाळली जाते. व्यास साधारण २ ते ५ मिमीच्या आत असतो, हे ठाऊक असले की उलटसुलट झालेली जोडी लगेच दिसते.

दशांशानंतरच्या शून्याचा नियम अर्धाच पाळला जातो, म्हणून तो पूर्ण सांगतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून काही लघुरूपे वापरायला बंदी केली. त्यात ‘१.० मिग्रॅ’मधले मागचे शून्य आहे, कारण टिंब पुसट झाले की १० वाचले जाते. ‘.५ मिग्रॅ’मध्ये पुढचे शून्य नसणेही त्यातच आहे. पण याच नियमात सूट आहे: प्रयोगशाळेचे आकडे, इमेजिंगमध्ये मोजलेले आकार आणि कॅथेटरची मापे यांत अचूकता दाखवायची असेल तर मागचे शून्य चालते. म्हणून वॉरफरिन ‘३ मिग्रॅ’ लिहायचे, पण झडपेचे क्षेत्रफळ ‘१.० चौरस सेंमी’ हे बरोबर आहे. नव्या मुलामुलींना नुसते ‘शून्य काढा’ शिकवले की ते दोन्हीकडचे काढतात.

ट्रोपोनिनला (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाला) एकक सांगितल्याशिवाय अर्थ नाही. ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच. एकक गाळून ‘ट्रॉप फॉर्टी’ म्हटले आणि टाइप करणाऱ्याने सवयीने ‘प्रति मिलिलिटर’ लावले, तर आकडा हजारपटीने फुगतो.

आपण विचाराल, मग तुम्ही बसून काय करता? पडताळणी करतो, आणि तिच्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमधले आकडे एकमेकांचे साक्षीदार असतात. दाबातला फरक म्हणजे वेगाच्या वर्गाची चौपट, हे समीकरण प्रत्येक एडिटरच्या टेबलावर चिकटवलेले असावे. अ‍ॅऑर्टिक झडपेवर वेग ४ मीटर प्रति सेकंद असेल तर पीक ग्रेडियंट (दाबातला सर्वाधिक फरक) ६४ मिमी पारा यायला हवा. डिक्टेशनमध्ये वेग ४ आणि पीक ४० ऐकू आला, तर बहुधा डॉक्टरांनी मीन (सरासरी) ग्रेडियंट सांगितला आहे आणि ‘मीन’ शब्द दाराच्या आवाजात गेला आहे. मायट्रल स्टेनोसिसमध्ये (एमएस, म्हणजे मायट्रल झडप अरुंद होणे) २२० ला प्रेशर हाफ-टाइमने (दाबातला फरक निम्म्यावर यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांनी) भागले की झडपेचे क्षेत्रफळ मिळते. २२० मिलिसेकंदाला १ चौरस सेंमी. त्याच परिच्छेदात ‘सिव्हिअर एमएस’ आणि ‘एरिया ३.२’ आले, तर काहीतरी चुकीचे ऐकले गेले आहे, कारण १.५ किंवा त्याखाली तीव्र मानतात. डायस्टोलिक (हृदय भरलेले असतानाचे) आकारमान १२० मिलि, सिस्टोलिक (आकुंचनानंतरचे) ६० मिलि, तर ईएफ ५० टक्के. १५ हा अंक तिथे उभाच राहू शकत नाही.

अँजिओग्राफी आणि ईसीजीमध्येही अशी साक्ष जुळवता येते. ईसीजीच्या लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये आलेखाचा एसटी भाग उचललेला असेल तर दोषी, म्हणजे बंद पडलेली, धमनी बहुतेक वेळा उजवी, कधी सर्कमफ्लेक्स. त्या ओळीत एलएडी (हृदयाच्या पुढच्या बाजूची डावी धमनी) आली तर ती अशक्य नाही, पण विचारण्याजोगी नक्कीच आहे. ‘एपेक्स इज एकायनेटिक’ हे वाक्य सॉफ्टवेअर ‘इज अ कायनेटिक’ असे तोडते, म्हणजे जो भाग हलत नाही तो हलू लागतो. त्यापुढे वॉल मोशन स्कोअर ३ (म्हणजे भाग हलत नाही) सांगितला असेल, तर दुरुस्ती तिथेच सापडते.

या सगळ्यातून विसंगती कळते. बरोबर आकडा कोणता, हे आम्ही ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. अशा वेळी आम्ही ब्लँक सोडतो, ध्वनिफितीची वेळ लिहितो आणि काय ऐकू आले, कशाशी जुळत नाही, ते एका ओळीत नोंदवतो. ती ओळ म्हणजे आमच्या कामाचा सगळ्यात महाग भाग आहे. ती खोडून, ब्लँकमध्ये ‘नॉर्मल’ टाकून फाइल बंद करणारे वरिष्ठ काही ठिकाणी आहेत. त्यांनी हे पत्र दोनदा वाचावे.

लघुरूपांकडे वळतो. पीडीए म्हणजे प्रौढाच्या अँजिओग्राफीत पोस्टेरियर डिसेंडिंग आर्टरी आणि बाळाच्या इकोत पेटंट डक्टस आर्टेरिओसस. एलएडी म्हणजे अँजिओत धमनी आणि ईसीजीत लेफ्ट अ‍ॅक्सिस डेव्हिएशन, आणि एकाच डिस्चार्ज समरीत दोन्ही चार ओळींच्या अंतराने येतात. एमएस म्हणजे मायट्रल स्टेनोसिस, मॉर्फिन सल्फेट की मल्टिपल स्क्लेरोसिस? आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झालेले झडपांचे आजार अजून पुष्कळ असल्याने पहिला अर्थ आपोआप गृहीत धरला जातो. तोच रिपोर्ट परदेशी विमा कंपनीकडे गेला की वाचणारा तिसरा अर्थ धरतो. ‘टिमी थ्री’ स्टेंट बसवल्यावर म्हटले तर रक्तप्रवाहाची उत्तम श्रेणी. कॅज्युअल्टीच्या नोंदीत म्हटले तर जोखमीचा गुणांक. ‘हेफ-रेफ’ आणि ‘हेफ-पेफ’ (हार्ट फेल्युअरचे दोन प्रकार) फोनवर जुळी भावंडे वाटतात, आणि एकात ईएफ ४० किंवा कमी, दुसऱ्यात ५० किंवा जास्त. शेजारी ईएफ सांगितला नसेल तर आम्ही तिथे ब्लँकच सोडणार.

इथे आमच्या बाजूच्या कंपन्यांनाही एक ऐकवतो. टायपिंगचा वेग वाढवायला एक्स्पांडर नावाचे सॉफ्टवेअर असते; त्यात तीन अक्षरे दाबली की पूर्ण शब्द उमटतो. पीडीए, एलएडी, एमएस, एमआय यांना एक्स्पांडरमध्ये एकच विस्तार भरून ठेवणे बंद करा. एमआयमध्ये मायोकार्डियल इन्फार्क्शन (हृदयविकाराचा झटका) आणि मायट्रल इन्सफिशिअन्सी (मायट्रल झडप गळणे) दोन्ही लपलेले आहेत. ६५ अक्षरांच्या ओळीमागे पैसे मिळतात म्हणून लांब विस्तार सोयीचा वाटतो, हे आम्हालाही कळते. आणि गुण कापताना स्वल्पविराम आणि ईएफ यांना एकाच तराजूत तोलू नका.

यंत्रांच्या बाबतीत अक्षरे नीट सांगणे फार गरजेचे आहे. डी, बी, व्ही, टी, पी ही अक्षरे फोनवर एकमेकांत मिसळतात. पेसमेकरचा मोड डीडीडी आहे की व्हीव्हीआय, बसवले ते सीआरटी-पी की सीआरटी-डी (दोन्ही जवनिका एकत्र चालवणाऱ्या यंत्राचे दोन प्रकार), हे ‘डी फॉर दिल्ली, पी फॉर पुणे’ असे सांगितले तर दोन सेकंद जास्त जातात. शेवटच्या ‘डी’मध्ये डिफिब्रिलेटर आहे. तो कागदावर चुकून आला तर जे यंत्र नाही त्याच्या भरवशावर पुढचा डॉक्टर राहतो.

इकोत मोठा ई (मायट्रल झडपेतून येणाऱ्या रक्ताचा वेग) आणि छोटा ई-प्राइम (हृदयाच्या स्नायूचा वेग) वेगळे टाइप व्हायला हवेत, कारण त्यांच्या भागाकारावरून डाव्या अलिंदातल्या (वरच्या कप्प्यातल्या) दाबाचा अंदाज करतात आणि सरासरी १४ च्या वर असेल तर दाब वाढलेला समजतात. दोन्ही मोठे लिहिले की ई भागिले ई, म्हणजे कायमचा एक. ईसीजीतही लहान आर आणि मोठा आर हे लाटेची उंची सांगतात. तिथे आपोआप मोठे अक्षर करणारी सेटिंग बंद करावी लागते.

व्यक्तींवरून पडलेल्या आजारांच्या व खुणांच्या नावांबद्दल थोडक्यात. ऑस्टिन फ्लिंट हा एकच माणूस, ग्रॅहम स्टीलही एकच. मध्ये जोडरेघ नको. वोल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट हे तिघे, म्हणून तिथे हवी. एबस्टीन हा हृदयदोष, एपस्टीन विषाणूवाला. ‘हिस बंडल’मधल्या (हृदयातल्या विद्युतवाहक तंतूंच्या जुडग्याच्या नावातल्या) हिस साहेबांना सॉफ्टवेअर इंग्रजी सर्वनाम समजते आणि लहान अक्षराने लिहिते. आपल्याच देशातल्या टीटीके चित्रा झडपेला तर ते ओळखतच नाही, जरी ही झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जात आहे.

औषधांत नवी मुंबईची एक खास अडचण आहे. एकच टायपिस्ट रात्री अमेरिकन फाइल करतो आणि दिवसा इथली. ‘ओडी’ इथे दिवसातून एकदा, तिकडे उजवा डोळा. ‘बीडी’ तिकडे ‘बीआयडी’, ‘एसओएस’ तिकडे ‘पीआरएन’, आपली व्हीपीसी (जवनिकेतून अवेळी येणारा ठोका) तिकडे पीव्हीसी, अ‍ॅड्रेनालिन तिकडे एपिनेफ्रिन. डिगॉक्सिन ‘फाइव्ह बाय सेव्हन’ म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, हे इथल्या कुठल्याही रेसिडेंटला समजते. बाहेरचा एडिटर त्याला मात्रा समजतो. म्हणून ‘आठवड्यात पाच दिवस, शनिवार-रविवार नाही’ असेच उतरवू द्या. मेटोप्रोलॉल सांगताना टार्ट्रेट की सक्सिनेट हे सांगाच. ‘एक्सएल’ गळले की दिवसातून एकदा घ्यायची गोळी कुठली, तेच कळत नाही. डायटॉर आणि डायटॉर प्लस यांत स्पायरोनोलॅक्टोनचा फरक आहे, म्हणजे पोटॅशियमचा. आणि नावांचे साम्य ही काही फक्त ऐकणाऱ्याच्या कानाची उणीव नव्हे: अमिओडेरोनशी गोंधळ होतो म्हणून अमेरिकेत २००० साली अम्रिनोनचे नाव बदलून इनअम्रिनोन केले, आणि ब्रिलिंटा या हृदयरोगावरच्या औषधाशी गोंधळ होतो म्हणून २०१६ मध्ये ब्रिंटेलिक्स या नैराश्यावरच्या औषधाचे ट्रिंटेलिक्स.

आवाजाबद्दल आपल्या हातात सगळ्यात जास्त आहे. साध्या फोनलाइनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक मुख्यतः त्याच्या वर असतो. म्हणून फोनवरच्या डिक्टेशनमध्ये ‘सिक्स्टी’ आणि ‘फिफ्टी’ वेगळे काढताना कान दुखतात. रेकॉर्डरवर किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये १६ किलोहर्ट्झचे सॅम्पलिंग ठेवा. आवाज आला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू करणारी सोय बंद करा, कारण ती प्रत्येक वाक्याचा पहिला स्वर खाते, आणि वाक्य पुष्कळदा ‘नो’ने सुरू होते. बटण दाबून एक सेकंद थांबा. कॅथलॅबमध्ये सक्शन चालू असताना सांगू नका. मास्क असेल तर माइक जवळ घ्या.

स्पीच रेकग्निशन आले, आता तुमची गरज काय, असेही विचारले जाते. २०१८ मध्ये अमेरिकेत २१७ नोंदींवर झालेल्या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या कच्च्या मसुद्यात दर १०० शब्दांमागे ७.४ चुका सापडल्या, ट्रान्सक्रिप्शनिस्टने तपासल्यावर ०.४ आणि डॉक्टरांच्या सहीनंतर ०.३. तो मसुदा ब्लँक सोडत नाही. ऐकू न आलेल्या जागी तो त्यातल्या त्यात संभवनीय शब्द बसवतो आणि पुढे जातो. त्यामुळे शंका कुठे होती, याचा मागही उरत नाही. ‘डिक्टेटेड बट नॉट रेड’ (सांगितले, पण वाचून तपासले नाही) हा शिक्का मारून असा कागद बाहेर पाठवणे तर थांबायलाच हवे. वाशीत अँजिओप्लास्टी झालेला माणूस रात्री कळव्याच्या कॅज्युअल्टीत पोहोचला, तर तिथल्या रेसिडेंटच्या हातात तेवढाच कागद असतो. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहेच. ध्वनिफीत कोणी मागत नाही.

आता मागण्या. व्हॉइस फाइलसोबत इको मशीनवरच्या मोजमापांच्या पानाची प्रत पाठवा. निम्मे ब्लँक त्याच दिवशी जातील. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली तेव्हापासून स्टेंटचा ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्र द्यावा लागतो. म्हणजे तो स्टिकर बिलिंगला मिळतोच. त्याचा फोटो आम्हालाही द्या. रुग्णाचे वय डिक्टेशनच्या सुरुवातीला सांगा, पीडीएचा प्रश्न तिथेच सुटतो. विभागाने आपल्या लघुरूपांची आणि नेहमीच्या औषधांची यादी एका पानावर करून द्यावी आणि नवा सल्लागार आला की ती बदलावी.

आणि शंकांना उत्तर द्यायला विभागातला एक माणूस नेमा, रेसिडेंट असला तरी चालेल, दुपारी अर्धा तास. आमची शंका अशी येईल: ‘मिनिट दोन, सेकंद चौदा, सेप्टम १३ की ३०, पुढे निष्कर्षात माइल्ड हायपरट्रॉफी म्हटले आहे.’ त्यावर फक्त आकडा लिहून पाठवायचा आहे. उत्तर येईपर्यंत रिपोर्ट ‘तात्पुरता’ या शिक्क्यानेच बाहेर जाईल, आणि ब्लँक ब्लँकच राहील.

कळावे,

आपले,
ठाणे व नवी मुंबईत हृदयरोगाचे डिक्टेशन उतरवणारे आणि तपासणारे ट्रान्सक्रिप्शनिस्ट व एडिटर